हिरवळीवरची पिवळी पावलं

शरदचंद्रांचा कोणावरच विश्वास नव्हता. कारखान्यात तीस वर्षं माल तपासून नापास करण्यात गेली. निवृत्तीनंतर नापास करायला अंबरनाथ पूर्वेची त्यांची सोसायटी तेवढी उरली होती. तिच्या अंगणात चार सतरंज्यांएवढी हिरवळ त्यांनी स्वतः लावली होती. ती ठेवायची की गाड्यांसाठी फरशी बसवायची, हे रविवारच्या मीटिंगमध्ये ठरणार होतं. आणि समोरच्या शंकररावांनी गेल्याच महिन्यात गाडी घेतली होती. शरदचंद्रांना एवढा पुरावा पुष्कळ होता.

"रविवारपर्यंत गालिचा करून दाखवतो," असं बायकोला, मीनलताईंना, बजावून सोमवारीच त्यांनी युरिया आणला.

"मुठीनं फेका भाऊ, हलक्या हातानं," शंकररावांच्या गयाबाई गॅलरीतून म्हणाल्या. "आमच्या गावाला भातात असाच टाकतात."

सल्ला शत्रुपक्षाचा! शिवाय मुठीला माप कुठे असतं? शरदचंद्रांनी युरिया खलबत्त्यात कुटला, माळ्यावरून एक पत्र्याची चाळणी काढली आणि चष्म्याशिवाय, नुसत्या बोटांनी तपासली. भोकं एकसारखी. पास. मग वीतवीतभर पुढे सरकत त्यांनी सगळ्या हिरवळीवर ती रांगेत ठोकली.

शनिवारी गवतावर जळकी पिवळी पावलं उमटली.

शंकरराव आनंदनगरला केमिकल कंपनीत कामाला. शरदचंद्रांनी तिथल्या तिथे निकाल लावला. पण टेप लावली तर पाऊल चार इंचांचं, आणि शंकररावांचा बूट नऊ नंबरचा. रात्रभर विचार करून त्यांना आरोपी सापडला.

"तुम्ही नातीच्या पायाला केमिकल लावून तिला इथे चालवलंत," रविवारी अंगणात भर मीटिंगमध्ये ते शंकररावांना म्हणाले.

नात मैत्रेयी दोन वर्षांची होती. गयाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी नातीला उचललं आणि तिचं पाऊल एका ठशावर ठेवलं. अंगठाही जुळेना.

तेवढ्यात मीनलताई पुढे आल्या. वाकल्या. "अहो, सगळ्या डाव्या पावलांची करंगळी गायब आहे."

"मग?"

"माझ्या रांगोळीच्या छापाचं ते भोक बुजलंय. दिवाळीला मी लक्ष्मीची पावलं काढते त्या माळ्यावरच्या छापाचं."

शरदचंद्रांनी चष्मा चढवला. पावलं दुडूदुडू त्यांच्याच दाराकडे निघाली होती.

"साहेब, चोर तुमच्याच घरात शिरलाय बघा," शंकरराव म्हणाले. लोक पोट धरून हसले. शरदचंद्रांना जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. त्यांनी गयाबाईंसमोर हात जोडले.

मतं समसमान पडली. शंकररावांचं एक बाकी होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"राहू दे हिरवळ," गयाबाई म्हणाल्या. "पोरगी खेळंल. पण पुढचं खत मी टाकणार."

पुढचं खत त्यांनी मुठीनंच टाकलं. पंधरा दिवसांत हिरवळ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी झाली. शरदचंद्र चष्मा लावून, टेप घेऊन तासभर फिरले. कुठेच काही सापडलं नाही.

"मीनल," घरात येऊन ते हळूच म्हणाले, "एवढं सारखं आलंय म्हणजे काहीतरी गडबड आहे."