‘नु’चं गाणं आणि माझा घसा

कुठल्याही कागदावर शिक्का मारण्याआधी तो नीट वाचावा, हे मी नगरपालिकेच्या पाणीखात्यात बसून चोवीस वर्षं लोकांना सांगत आलोय. (स्वतः मात्र वाचत नाही. वाचत बसलो तर काम कधी करायचं?)

त्या शनिवारी आमच्या गल्लीची फिरती फाईल शेजारून आली. कचरा कुठल्या वारी टाकायचा, गटार कधी उपसायचं, असलं काहीबाही त्यात असतं. वाचायची, घराचा शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी सरकवायची. मित्सुए, म्हणजे आमची सौ., बाजारात गेली होती. फाईल घरात रेंगाळली की शेजारी नावं ठेवतात, म्हणून म्हटलं चला, आज आपणच घरकामाला हातभार लावू. प्रत्येक कागदावर पहिला जो रिकामा चौकोन दिसला त्यात ठप्पकन शिक्का हाणला आणि फाईल पलीकडच्या घरच्या हिरामात्सुआजींच्या दारात ठेवून आलो.

मित्सुए परत आली. "फाईल आली होती का हो?"

"आली आणि गेलीसुद्धा!" मी छाती फुगवून सांगितलं.

तिच्या हातातला मुळा खाली पडला. "अहो, त्यात गाण्याच्या स्पर्धेचा कागद होता! आपल्याला अक्षर कुठलं आलंय?"

अक्षराची भानगड अशी, की पूर्वी स्पर्धेत अकरा घरांतले नऊ जण एकच गाणं म्हणायचे आणि उरलेले दोघं तेच गाणं बेसूर म्हणायचे. शेवटी गल्लीचे अध्यक्ष ओनोदेरासाहेब यांनी चिठ्ठ्या टाकून प्रत्येक घराला एकेक अक्षर द्यायला सुरुवात केली. गाण्याचं नाव त्याच अक्षरानं सुरू झालं पाहिजे.

"‘नु’ की काय होतं," मी म्हणालो. "आपलं नशीबच फुटकं. ‘नु’वरून गाणं आहे तरी का कुठलं?"

"नु!" ती मटकन खाली बसली. "अहो, तीन वर्षं मी ‘नु’ची वाट बघतेय!"

स्पर्धेची गाणी ज्यातून निवडायची त्या जाडजूड पुस्तकात ‘का’ची गाणी पानंच्या पानं भरून वाहतात. ‘नु’ला अर्धं पान, तेही कसंबसं. पण त्या अर्ध्या पानात एक जुनं, आता कुणाला न आठवणारं गाणं आहे, ‘नुकादोको नो आसा’, म्हणजे ज्यात भाज्या पुरून लोणचं मुरवतात त्या तांदळाच्या कोंड्याची सकाळ. मित्सुएची आई रोज सकाळी लोणच्याच्या पिंपातला कोंडा खालीवर करताना ते म्हणायची. आई गेली, पिंप आमच्याकडे आलं, आणि आता मित्सुए कोपरापर्यंत हात घालून तेच गाणं म्हणते. (मी त्या वेळी दाढी करत असतो. ऐकता ऐकता दोनदा गाल कापून घेतलाय.) आईचं गाणं एकदा तरी चार माणसांसमोर माईकवर म्हणायचं, एवढीच तिची हौस.

"मग म्हण की! अडवलंय कुणी?"

"शिक्का कुठल्या चौकोनात मारलात?"

"पहिल्या."

"पहिला नवऱ्याचा, दुसरा बायकोचा. घरटी एकच गाणारा. म्हणजे गाणार तुम्ही!"

मी तसाच ओनोदेरासाहेबांकडे धावलो. ते रिटायर्ड स्टेशनमास्तर. अजून चहासुद्धा घड्याळ बघून पितात. "शिक्का म्हणजे शिक्का, इवाकिरी," ते म्हणाले. "हां, गाणारा आजारी पडला तर घरातलं दुसरं माणूस चालेल. नियम सातवा."

घरी आलो तर मित्सुए पिंपापाशी. हात कोंड्यात, पण तोंडात गाणं नाही. "जाऊ दे. म्हणा तुम्हीच," ती म्हणाली. "सराव तेवढा पिंपापासून लांब करा. लोणचं नासेल." आमच्याकडे बेसूर माणसाला हे सगळेच ऐकवतात, पण हसत. ती हसली नाही. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा घसा बसला. (बसवला.)

बातमी पहिल्यांदा हिरामात्सुआजींना लागली. त्यांनी हातभर लांब कांद्याची पात भाजली, फडक्यात गुंडाळली आणि घशाचं औषध म्हणून माझ्या गळ्यात बांधली. "स्पर्धेपर्यंत सोडायची नाही हं, बाळा," म्हणाल्या. (बाळाचं वय एक्कावन्न.) आठवडाभर मी कांद्याचा वास मारत मुकाट ऑफिसात बसलो. मी बोलत नव्हतो म्हणून असेल, पण त्या आठवड्यात खात्याविरुद्धच्या तक्रारी निम्म्यावर आल्या.

रविवारी दुपारी गल्लीच्या सभागृहात मित्सुए माईकसमोर उभी राहिली आणि गायली. काय सांगू तुम्हाला! पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसायला लागल्या. मलाही राहवेना. गाणं संपलं आणि मी ताडकन उठून, गळ्यातल्या पातीसकट, बेंबीच्या देठापासून ओरडलो, "वाहवा! वन्स मोअर!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

ओनोदेरासाहेबांनी घड्याळ बघितलं. "इवाकिरी, घसा सुटलेला दिसतोय."

मी मान हलवून नाही म्हटलं. फार उशीर झाला होता.

"गाणारा बरा असेल तर त्यानंच गायचं. बाईंचं गाणं रद्द. या वर."

मित्सुएचा चेहरा बघवेना. हातातला माईक तिनं गुपचूप माझ्याकडे दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, आता निदान तिच्या आईच्या गाण्याची तरी लाज राखू. डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि जीव ओतून गायला लागलो.

दोन ओळी झाल्या असतील. मागे कुणाचं तरी तान्हं पोर किंचाळलं. ओनोदेरासाहेब दोन्ही हात वर करून धावत आले, "थांबा! थांबा! माफ करा, चूक माझीच झाली. धडधाकट माणसाचा आवाज असा असूच शकत नाही. घसा पार कामातून गेलाय बिचाऱ्याचा! नियम सातवा लागू. मित्सुएबाईंचं गाणं धरलं जाईल!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांनी मित्सुएला पुन्हा गायला लावलं. हिरामात्सुआजी मात्र तडक घरी गेल्या आणि दुसरी पात भाजून घेऊन आल्या.

घरी येताना मित्सुएनं माझी बाही धरली. डोळे भरलेले. "माझ्यासाठी मुद्दाम इतकं घाण गायलात ना हो?"

मी मोठ्या मनानं मान डोलावली. जन्मात इतका चांगला मी कधी गायलो नव्हतो, हे सांगून तिचा आनंद कशाला घालवा?