झाकलेल्या बादलीची भानगड

जावई झाकलेली बादली घेऊन पुन्हा न्हाणीघरात शिरला, तेव्हा सिस्टरांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. माणूस चष्म्याच्या दुकानात कामाला. त्याला बादली झाकून कशाला न्यावी लागते?

सिस्टर म्हणजे त्याच्या सासूबाई. ऑपरेशन थिएटरच्या मुख्य नर्स होत्या. निवृत्त झाल्या तरी लोक त्यांना सिस्टरच म्हणत. जंतूंशी त्यांचं हाडवैर. लेकीकडे आल्या की आधी दारांच्या कड्या पुसायच्या, मग लेकीची विचारपूस. या खेपेला घरात पाऊल टाकताच त्यांच्या नाकाने कसलासा वास टिपला. "कसला गं वास?" असं विचारल्यावर लेक आणि जावयाने एकमेकांकडे बघून विषय बदलला. सिस्टरांच्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

जावई दुकानात गेल्यावर त्यांनी हळूच बादलीवरचं झाकण उचललं. कोमट, गढूळ पाणी, वर फेस आणि आंबूस वास. शेजारी साखरेचा डबा.

"दारू!" सिस्टरांनी झाकण परत दाबून बसवलं. "चष्म्याच्या आडून हे धंदे होय!"

लेकीला विचारण्यात अर्थ नव्हता, ती नवऱ्याचीच री ओढणार. सिस्टरांनी बॅगेतून जंतुनाशकाची बाटली काढली. त्याला रंग नाही, वास नाही, पण चव अशी कडू की पिणारा पहिल्या घोटालाच थुंकेल. जिवाला धोका नाही, अशी मनाची खात्री करून त्यांनी अर्धी बाटली बादलीत ओतली.

संध्याकाळी बादली रिकामी दिसली. म्हणजे गिऱ्हाईक येऊन गेलं! दुसऱ्या दिवशी जावयाने पुन्हा पाणी कोमट केलं, पुन्हा साखर घातली. सिस्टरांनी उरलेली बाटलीही संपवली. घरातला वास मात्र कमी व्हायच्या ऐवजी आणखी उग्र झाला.

मग मागच्या अंगणातून जावयाचा दबका आवाज आला. तो फोनवर बोलत होता.

"अहो, माल कसला दिलात तुम्ही? सगळे मेले! हो, सगळे. एकही जिवंत नाही. आता वास सुटलाय. शेजारी नाकाला रुमाल लावून जातात. कळलं कुणाला तर तोंड दाखवायची सोय राहणार नाही मला."

सिस्टरांनी खिडकीतून शब्द न् शब्द ऐकला. उभ्या जन्मात त्यांच्या हलगर्जीपणाने एक पेशंट दगावला नव्हता, आणि आता हे! किती जण असतील? बायकापोरं असतील त्यांना. आणि वास म्हणजे... देवा, अंगणातच पुरले की काय?

लेक स्वयंपाकघरातून आली, तर आई दारात उभी. पायात चपला, हातात कपड्यांची पिशवी.

"मला पोलिसात घेऊन चल," सिस्टर म्हणाल्या. "नवऱ्याला काही बोलू नकोस. तो नुसता दारू गाळायचा, मारलं मी."

"कुणाला मारलंस?"

"ते आता जावईबापूच सांगतील. नावंसुद्धा माहीत नाहीत गं मला!"

जावई धावत आत आला. बाटलीचं ऐकताच त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"आई, ती दारू नव्हती हो! संडासाची टाकी तुंबलीय. उपसायची गाडी गल्लीत शिरत नाही. म्हणून घाण खाणारे जंतू आणले, पुड्यात मिळतात. साखरेच्या पाण्यात वाढवायचे आणि टाकीत सोडायचे. मी आपला रोज वाढवतोय आणि तुम्ही रोज मारताय!"

"जंतू?" सिस्टरांच्या जिवात जीव आला. लगेच डोळे मोठे झाले. "माझ्या लेकीच्या घरात तुम्ही जंतू पाळता?"

"म्हणून तर सांगितलं नाही तुला," लेक म्हणाली. "सांगितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतंस."

सिस्टरांनी चपला काढल्या, पदर खोचला.

"नवीन पुडा आणा," त्या जावयाला म्हणाल्या. "माझ्या हातून बिघडलंय, मीच निस्तरीन. आणि पाणी किती गरम करता? हात घालून बघता? हात घालून! थर्मामीटर द्या इकडे."

त्या दिवसापासून बादलीला कुणी हात लावायचा नाही, असा नियम झाला. संडासात फिनाइल बंद. जावई दुकानातून आला की त्याच्या हातातल्या पिशवीची झडती होई. एकदा त्याने आणलेली फरशी पुसायच्या औषधाची बाटली तिथल्या तिथे जप्त झाली. महिन्याभरात वास साफ गेला.

मग एके सकाळी शेजारीण आली. "आमचीही टाकी तुंबलीय हो, सिस्टर. तुमचं ते औषध आम्हालाही द्या ना थोडं."

"आधी जागा बघते," म्हणत सिस्टर तिच्याबरोबर गेल्या. तिचं न्हाणीघर त्यांनी कोपरा न् कोपरा तपासलं. लख्ख फरशीवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि मान हलवली.

"नाही देता येणार."

"का हो? काय कमी आहे आमच्याकडे?"

"काही कमी नाही, तेच तर वाईट आहे," सिस्टर म्हणाल्या. "फार स्वच्छ राहता बाई तुम्ही. माझी लेकरं इथे एक दिवस जगायची नाहीत."