चेस्टरात बैलांना पाणी कुठे?

लक्ष्मणजी पाटलांपुढे कोणत्याही गावाचं नाव काढा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "तती बैलायले पाणी कुठी हाय?"

गाव काशी असो की शेजारचं बडनेरा. आधी बैलांचं पाणी, मग वैरण, मग मुक्काम, मग शिदोरी. एवढं सगळं पक्कं झालं की पाटील समाधानाने पान जुळवत आणि कुठेही जात नसत. एकदाच अकोल्याला गेले, तर तिथलं पाणी खारं म्हणून राजा बैलाने तोंड लावलं नाही. पाटील लगेच परत. "मले जमलं असतं बाप्पा. राजाले नाई जमलं," म्हणाले.

मी कोकणातला. बाप मचव्यावर होता, त्याला समुद्राने नेलं आणि माझी शाळा इंग्रजी तिसरीतच सुटली. मामाच्या ओळखीने घाट चढून, कापसाच्या परतीच्या गाड्यांवर बसत बसत अमरावतीला पाटलांच्या अडतीवर येऊन पडलो. निघताना आईने एकच शपथ घातली होती: होडीत, मचव्यात, कशात म्हणून पाय ठेवायचा नाही. पाटलांनी काम दिलं, ओसरीत जागा दिली, पाटलीणबाईंनी जेवू घातलं. आणि पहिल्याच आठवड्यात पाटलांनी माझ्या गावी जायचा बेत आखला! खाडी कोणत्या अंगाला, उतार कुठे, आईच्या दारात गाडी वळते का. उत्तरं देता देता माझं ताट कधी रिकामं व्हायचं, कळायचं नाही. अर्थात गेलं कोणीच नाही.

पुढे अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे कापसाचा भाव पेटला. गाड्यांच्या रांगा लागल्या, आणि मागोमाग माल पाहायला गोरे साहेब आले. त्यातला एक हॅरी साहेब. विशीतलं पोरगं, उन्हाने लालबुंद झालेलं. अडतीवर यायचा, बोटांनी कापसाचा धागा ओढून बघायचा, कुणाशी बोलायचा नाही. पाटलीणबाईंनी दिलेलं ताकसुद्धा अर्धं ठेवून उठायचा.

एक दिवस पाटील म्हणाले, "कोकण्या, इचार त्याले, गाव कोणतं?"

मी मोडक्या इंग्रजीत विचारलं. चेस्टर. विलायतेत, नदीकाठचं, फार जुनं, आणि भोवती दगडी तटाचा परकोट.

"परकोट?" पाटील बसल्या जागी उडाले. आमच्या अमरावतीलाही परकोट. "मंग तं सोयरंच झालं! पाहून येऊ. चार दिवसाचा मुक्काम. ठरलं! अन् कोकण्या, तू संगं. तुह्याबिगर मले तती पाणी कोन मागून देईन?"

चेस्टरला आगबोटीवाचून जाता येत नाही, एवढा भूगोल माझा झालेला होता. आईची शपथ मोडायची, की ज्यांचं मीठ खातो त्यांना नाही म्हणायचं?

बेत मात्र रोज फुगत चालला. संध्याकाळी साहेब आला की ओसरीवर सरकीची टोपली उपडी व्हायची. सरकीचा परकोट, सरकीचं चर्च. पाटील डोक्यावरचा फेटा सोडून कडेने अंथरायचे, ती नदी. तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात तसला चाकांचा लाकडी बैल वेशीबाहेर उभा राहायचा.

"इचार, बैल भित्तीवरून चालन का?"

साहेब म्हणाला, भिंतीवरून माणसं फिरतात, सगळ्या गावाला वळसा घालता येतो. पण बैल आजवर कोणी नेला नाही.

"नेला नाई म्हणजे मनाई नाई," म्हणत पाटलांनी बैल वर चढवला. परकोट ढासळला. साहेब ओरडत गुडघ्यांवर आला आणि स्वतःच्या हाताने भिंत पुन्हा बांधू लागला.

मग तोच रंगला. इथे दगडी पूल. इथे दुकानांवर दुकानं, वरच्या मजल्यालाही रस्त्यासारखी ओसरी.

"वरच्या दुकानात गिऱ्हाईक काहून चढते?" पाटलांची शंका. "खालचा दुकानदार झोपून राह्यते का?"

पाटलीणबाईंनी ओटीची तयारी केली. परक्या गावी गेलं की तिथल्या नदीची ओटी आधी भरायची, मग पाण्यात पाय घालायचा. "नाव काय रे तिचं?"

"डी," मी म्हणालो.

"एवढुसंच? गरीब दिसते बिचारी. दोन नारळ घेऊ."

नदीत नावेतून फिरतात, असं साहेबाने सांगितलं तेव्हा पाटील खूश झाले. "वल्हं कोकण्या मारीन!"

त्या रात्री मी ताट तसंच सोडून उठलो.

"अन् तुह्या मायचं घर कोण्या अंगाले?" हे पाटील रोज शेवटी विचारत. साहेब पुलाजवळ कापसाचं एक बोंड ठेवायचा. पाटील लाकडी बैल हळूहळू तिथवर नेत. पाटलीणबाई त्याच्या पत्रावळीवर भाकरी वाढत. एक हात गावावर ठेवून साहेब दुसऱ्या हाताने जेवत असे.

एका संध्याकाळी पाटलांनी आगबोट कधी सुटते ते विचारलं, आणि साहेब म्हणाला, मुंबईला लिहून कळवतो. तो गेल्याबरोबर मी पाटलांसमोर उभा राहिलो.

"पाटील, आईची शपथ आहे. मला कामावरून काढा, पण बोटीत घालू नका."

पाटील असे हसले की तोंडातलं पान सांडलं. "अबे बह्याडा! लहानपनी वर्धा नदी उतरलो तं नावेत डोये मिटून बसलो मी. मी कायले जातो चेस्टरले?"

"मग हे सगळं? ओटी, बैल..."

पाटील खाली बसून फेट्याची नदी गुंडाळू लागले. "तो आला तवा अर्धं ताक ठेवून उठे. आता मायच्या दारापावतर बैल नेला का दोन भाकरी जातेत."

आतून पाटलीणबाई कडाडल्या, "म्हणजे जाऊन नाई राहिलो आपन? मी नारळ आणून ठेवले नं!"

"ठिव. कोकणात लागतीन."

"कोकणात नारळ नेऊ? लोकं हासतीन मले!"

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. "तूबी ताट तसंच सोडून उठते म्हणे. पाटलीण सांगे."

गुंडाळलेला फेटा त्यांनी पुन्हा सोडला, ओसरीभर अंथरला आणि लाकडी बैल माझ्यापुढे सरकवला.

"हे तुही खाडी समज. बैलायले पाणी कुठी हाय ते तं मांगंच सांगतलं तू. मायचं घर कोण्या अंगाले म्हणे?"

साहेबाने ठेवलेलं बोंड तिथेच पडलं होतं. मी ते उचललं, फेट्याच्या पलीकडच्या काठाला नेऊन ठेवलं, आणि सांगू लागलो. पाटलीणबाईंनी न विचारता माझ्या ताटात भाकरी वाढली.