पाठीवरचं नाव

खेळाडूचे गुडघे गेले की त्याचा आवाज उघडतो, हा निसर्गाचा नियम आहे. निसर्ग एका हाताने गुडघ्याची वाटी काढून घेतो आणि दुसऱ्या हाताने माइक देतो.

उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात माजी हॉकीवाल्यांचं पुढे काय होतं, यावर आजवर कोणीच अभ्यास केलेला नाही, त्यामुळे आकडे एकदम पक्के आहेत. दहापैकी चार मॅनेजर होतात. चार कॉमेंट्री करतात. उरलेले दोन सोसायटीचे सेक्रेटरी होतात, म्हणजे दोन्ही करतात.

आता हॉकीवालाच का, तर त्याला शास्त्रीय कारण आहे. हॉकीवाल्याचं अर्धं आयुष्य कंबरेत वाकून पळण्यात जातं. मान्यवर आले की त्याला वेगळं वाकायला शिकवावं लागत नाही. क्रिकेटवालाही वाकतो, नाही असं नाही, पण च्युइंगगम चघळत वाकतो, आणि ते मान्यवरांना लागतं.

या सगळ्या गुणांनी भरलेला माणूस म्हणजे अंबरनाथचा भगवान. तिथल्या एका कारखान्याच्या टीमचा राइट हाफ. कारखाना बंद पडला, शेडच्या जागी टॉवर उभा राहिला, टीम कुठे गेली ते कोणी विचारलं नाही. राइट हाफ म्हणजे टीममधला असा माणूस, जो असला तर दिसत नाही आणि नसला तर गोल होतो.

भगवानच्या एकाच मॅचची रेडिओवर कॉमेंट्री झाली होती. मुंबईतली फायनल. समोरच्या टीमचा जो हिरो होता, त्याला भगवानने अख्खी मॅच हलू दिलं नाही. कॉमेंट्रीवाला दर वेळी म्हणायचा, "चेंडू अडवला गेला." कोणी अडवला, ते त्याला वरून दिसत नसावं (राइट हाफ सावलीसारखा असतो, ऊन डोक्यावर आलं की गायब). भगवानची आई सुंदराबाई घरी रेडिओला कान लावून शेवटपर्यंत बसली होती. संध्याकाळी पोरगा कप घेऊन दारात आला, तर म्हणाली, "भगवान, तू गेलाच नव्हता का रे आज खेळायला?"

त्या दिवशी भगवानने ठरवलं की आपण कधी माइकवर गेलो तर प्रत्येकाचं नाव घ्यायचं. असल्या साध्या गोष्टीला लोक आयुष्याचं स्वप्न म्हणतात आणि मग त्रास होतो.

माइक यायला तीस वर्षं लागली. तोवर त्याने पोरी जमवल्या. एका मोकळ्या प्लॉटवर, खडे वेचून, तुटलेल्या स्टिकला पट्टी गुंडाळून टीम उभी केली. गोलात पायल, मागे स्वप्नाली आणि जिज्ञासा, पुढे सात नंबरला ऋतिका, मध्ये वडापावच्या गाडीवाल्याच्या दोन जुळ्या, आणि बाकीच्या ज्या दिवशी घरून सोडतील त्या.

यातली सात नंबर वेगळी होती. तिच्या स्टिकला बॉल चिकटायचा. तिची आई बनूबाई उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये जीन्सचे धागे कापायचं काम करते, धागे कापायची छोटी कात्री कायम तिच्या गळ्यात दोरीला असते. तिने भगवानला एकच विचारलं होतं, "भाऊ, ह्याच्यातून पुढं काय होतं का? नायतर मी तिला उद्यापासून मशीनवर बसवते. शेठ जागा अडवून ठेवत नाय."

भगवान म्हणाला की जिल्ह्याच्या कँपमध्ये घेतलं तर राहणं, खाणं, शाळा सगळं तिकडेच होतं. फक्त नाव वर जायला पाहिजे.

नाव वर जायची सोय लवकरच झाली. बदलापूर गावात हरिचंद्रशेठ चषक जाहीर झाला. मुलींची हॉकी, एकोणीस वर्षांखालची.

हरिचंद्रशेठ हा दिलदार माणूस. आधी भात लावायचा, मग त्याच जमिनीत हरि हाइट्स लावली, तिचं पीक बारमाही येतं. स्पर्धेचा कारभार पोरगा भावेशकडे. जिल्ह्याचे तीन निवडणारे मॅच बघायला येणार नव्हते, कारण बदलापूर लांब पडतं. ते घरी बसून मोबाइलवर लाइव्ह लावणार होते, आणि बघायला वेळ नसल्यामुळे नुसतं ऐकणार होते. ज्याचं नाव जास्त कानावर येईल, तो कँपला. इतकी पारदर्शक निवड याआधी झाली नव्हती.

भावेशने भगवानला बोलावून दोन पदं एकदम दिली. शेठच्या खर्चाने उतरणाऱ्या त्याच्याच पोरींच्या टीमचा मॅनेजर आणि स्पर्धेचा कॉमेंट्रीवाला. दोन माणसं घेतली तर दोन खुर्च्या, दोन बिल्ले, दोन जेवणाची कूपनं. भगवानला भरून आलं. त्याने बनूबाईला निरोप धाडला, फायनलला नक्की या, पोरीचं नाव स्पीकरवर ऐकायला मिळेल.

मग जर्सी आल्या.

पाठीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, अकराच्या अकरा जर्सींवर एकच नाव. हरिचंद्रशेठ. त्याच्याखाली, कंबरेपाशी, औषधाच्या बाटलीवर एक्सपायरी असते तेवढ्या अक्षरात नंबर. भगवानने विचारलं की पोरींची नावं कुठायत. भावेशने समजावलं की अकरा पोरींची अकरा नावं टाकली तर छापणारा गोंधळतो, बघणारा गोंधळतो. एकच नाव असलं की टीम एकजीव दिसते. आता हे चूक कुठे आहे ते दाखवा.

"आणि भगवान सर, जर्सीवर जे नाव, तेच माइकवर बोलायचं. टेन्शन नाय घ्यायचं. तुम्हाला पण सोपं ना, एकच पाठ करायचं."

पहिल्या मॅचला भगवानने ते करून बघितलं. ऐकणारे आजही आठवण काढतात. "हरिचंद्रशेठनी चेंडू अडवला. हरिचंद्रशेठनी दिला हरिचंद्रशेठना. हरिचंद्रशेठ एकटेच पुढे निघालेत, मागून हरिचंद्रशेठ त्यांना सांभाळून घेतायत." समोरची टीम उल्हासनगरची, तिच्या पाठीवर सनी-मनी जीन्स. "सनी-मनी जीन्स घसरली आहे. सनी-मनी जीन्स उठली, माती झटकली, परत पळते आहे." पब्लिक खूश. खुद्द हरिचंद्रशेठ पहिल्या रांगेत सोफ्यावर बसून स्वतःला खेळताना ऐकत होता आणि त्याला घाम येत होता.

दुसऱ्या मॅचला प्रॉब्लेम झाला. अंपायरने हिरवं कार्ड काढलं आणि भगवान बोलून गेला, "हरिचंद्रशेठना ग्रीन कार्ड, शेठ दोन मिनिटं बाहेर बसतील." सोफ्यावर हालचाल झाली. भावेश कॉमेंट्रीच्या मचाणावर चढून आला. तिथेच नियमात सुधारणा झाली: चांगलं झालं की शेठचं नाव, वाईट झालं की नुसता नंबर. या सुधारणेनंतर स्पर्धेत हरिचंद्रशेठच्या हातून एकही चूक झालेली नाही.

सात नंबर अर्थातच सगळ्यात जास्त बॉलवर असायची. जी बॉलवर असते तिचाच बॉल जातो. म्हणजे निवडणाऱ्यांच्या कानात काय गेलं बघा. गोल, हरिचंद्रशेठ. डॉज, हरिचंद्रशेठ. आणि अधूनमधून, सात नंबरने चेंडू घालवला. सात नंबर ऑफसाइड. (हॉकीतून ऑफसाइड जाऊन जमाना झाला, पण ते वाक्य भावेशने कानात सांगितलं होतं.)

भगवान मॅनेजर म्हणून रात्रभर तळमळायचा आणि कॉमेंट्रीवाला म्हणून सकाळी घसा शेकायचा. दोन्ही कामं मनापासून.

फायनलला बनूबाई आली. गळ्यात कात्री, अंगावर ठेवणीतली साडी, एक दिवसाचा खाडा. हाफ टाइमला मचाणाच्या खाली येऊन उभी राहिली.

"भाऊ, आमची हाय ना आत?"

"आहे ना. तीच तर खेळतेय."

"मग नाव तर शेठचंच येतंय."

भगवानने वरून खाली बघितलं. सुंदराबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी त्याला वाटलं की रेडिओपाशी कोणीतरी अजून बसलंय. तो काहीतरी बोलणार होता, पण भावेशने त्याच्या हातात नारळ दिला, मधल्या वेळचे सत्कार सुरू झाले.

शेवटचा क्वार्टर. एक-एक बरोबरी. घड्याळ संपत आलेलं. तेवढ्यात गेटमधून हरिचंद्रशेठचे व्याही आले. भावेशने मचाणाखालून खूण केली, स्वागत. इथे आलेल्या मान्यवराचं स्वागत थांबवता येत नाही, मॅच थांबवता येते, पण अंपायर नवीन होता, त्याला ते कोणी सांगितलं नव्हतं. मॅच चालूच राहिली.

"आपल्यामध्ये उपस्थित झालेले आहेत," भगवान म्हणाला, आणि त्याच वेळी खाली सात नंबरने आपल्याच पंचवीसच्या रेषेपाशी बॉल काढून घेतला.

माजी हॉकीवाल्याचा एकच दोष. बॉल हलला की डोळा हलतो. भगवानने व्याह्यांकडे बघायला पाहिजे होतं, तिकडे फेटा होता, हार होता, बघण्यासारखं खूप होतं. तो बॉलकडे बघत राहिला. स्पीकर गप्प झाला. अख्ख्या स्पर्धेत पहिल्यांदा मैदानावर स्टिकचा आवाज ऐकू आला.

आणि मग भगवानने तिचं नाव घेतलं. तिचं स्वतःचं, बापाच्या नावासकट.

भावेश चपळ पोरगा, बोलणाऱ्याला त्रास न होऊ देता वायर काढतो. पहिलं अक्षर संपायच्या आत त्याने माइकची वायर खेचली. लाइव्हवर ताबडतोब हरि हाइट्सची जाहिरात लागली, दोन बीएचके, स्टेशनपासून पाच मिनिटं (कोणत्या वाहनाने ते स्क्रीनवर मावलं नसावं). पण राइट हाफचा आवाज मुळात वायरवर चालत नाही. तो मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाला ओरडत म्हातारा झालेला असतो. मेलेला माइक हातात धरून भगवान ओरडत राहिला. जिने पास दिला तिचं नाव, जिने घेतला तिचं नाव, आणि मध्ये मध्ये परत त्या सात नंबरचं. तिने दोघींना डॉज दिला, गोलासमोरच्या डीमध्ये शिरली, गोलकीपरला डावीकडे बसवलं आणि बॉल उजवीकडून हळूच आत ढकलला, झोपलेल्या पोराला पाळण्यात ठेवतात तसा.

बनूबाईला गोल कळला नाही. ती कधीच उभी राहिली होती. शेजारच्या बाईचा दंड धरून विचारत होती, "माझीच ना? माझीच ना ती?"

मॅच जिंकली. यानंतरची कार्यवाही नियमाप्रमाणे झाली. रेकॉर्डला गोल हरिचंद्रशेठच्या नावावर पडला. सर्वोत्कृष्ट खेळाडूचा कप हरिचंद्रशेठनी हरिचंद्रशेठना दिला आणि दोन्ही हातांनी घेतला. माणूस सरळ आहे. कप घेताना हळूच विचारलं, "मी कवा मारला रं गोल?"

"पप्पा, रेकॉर्डला आहे."

शेठ विचारात पडला. रात्रीच्या जेवणापर्यंत त्याला आठवलं. मटणाची वाटी बाजूला सरकवून व्याह्यांना दाखवत होता, गोलकीपरला कसं डावीकडे बसवलं.

स्पर्धा समितीने भगवानबद्दल आपलं मत नोंदवलं. माजी हॉकीवाला कॉमेंट्रीला चालत नाही, कारण त्याला खेळ बघायची सवय असते आणि ती या वयात सुटत नाही. मॅनेजर म्हणून मात्र उत्तम, कारण मॅनेजरला माइक नसतो. पुढच्या वर्षीसाठी टीव्हीवर बातम्या वाचलेला एक जण बघून ठेवलाय. त्याला हॉकी आणि लगोरीत फरक कळत नाही, म्हणजे निःपक्षपाती असणार.

आठवड्याने जिल्ह्याची निवड आली. बदलापूरमधून एकच नाव, हरिचंद्र. पुढे शेरा: गोल करण्यात वाकबगार, अनुभवी वाटतो. त्याखाली दुसरा शेरा: सात नंबरला सुधारणेस वाव. चौकात फ्लेक्स लागला. अंडर नाइनटीन मुलींच्या जिल्हा कँपसाठी निवड झाल्याबद्दल हरिचंद्रशेठ यांचं हार्दिक अभिनंदन. शेठचा फोटो दोन मजली. खाली लंबगोलात अकरा पोरी, गोळीच्या पाकिटातल्या गोळ्यांएवढ्या.

शेठला शुगर आहे, त्याने कँपला जायला नम्रपणे नकार दिला. मग भगवानने सात नंबरला सांगितलं, जर्सी घाल. आणि तिला घेऊन कँपच्या गेटवर गेला. गेटवरच्या माणसाने कागद बघितला, तिला वळायला लावलं, पाठ वाचली, कागदाशी जुळवली आणि आत सोडलं. कँपमध्ये आता ती रोज सकाळी हरिचंद्र म्हटलं की हजर म्हणते. पळण्यात पहिली असते. कोच लांबून ओरडतो, शाब्बास हरिचंद्र.

भगवानने हे बनूबाईला सांगितलं. तिने दातांनी एक धागा तोडला.

"जाऊ द्या भाऊ. नाव मी ऐकलंय."

आता तुमचा राग समजू शकतो. एवढी खेळणारी पोरगी, आणि भावेशला, निवडणाऱ्यांना, गेटवाल्याला, कोणालाच तिचं नाव घ्यावंसं वाटलं नाही, काय ही माणसं. बरोबर आहे. फक्त एक करा. तिचं नाव वर एकदा आलंय, तुम्ही ते वाचलंय. मागे न बघता सांगा बरं.

शेठचं नाही विचारलं.