भाड्याचे खांदे

जनूशेठच्या दुकानातून निघताना "येतो" म्हणायचं नाही. पहिल्या दिवशी मी सवयीनं म्हणालो, तर हातातली सुतळी टाकून ते ओरडले, "नको! घरीच ऱ्हा. सुखी ऱ्हा."

पनवेलच्या बाजारात त्यांचं अंत्यविधीच्या सामानाचं दुकान, आजोबांपासूनचं. बांबू, मडकी, कोरं कापड, गोवऱ्या. शेजारी माझं झेरॉक्सचं. त्यांचं गिऱ्हाईक काही दिवसांनी मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढायला माझ्याकडे येतं. "भाऊ, तुमचं बरं हाय," ते म्हणत, "तुमाला लोक थँक्यू तरी म्हणतात."

नवा माणूस दिसला की त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून शेठ बांबूचं माप पुटपुटत. माझ्या मेहुण्याला बघून "सात फुटी" म्हणाले. त्यानं माझ्या दुकानात येणंच सोडलं. शेठना लग्नाच्या पत्रिका यायच्या, पण आग्रह कोणी करत नसे.

गिऱ्हाइकाला त्यांचा एकच प्रश्न, "खांदेकरी किती हाय?" चारांपेक्षा कमी असले तर शटर ओढून स्वतः निघत. बऱ्याचदा मलाही सोबत नेत.

मुलगा नीलेश या प्रकाराला कंटाळला होता. "बाबा, रोडपालीच्या टॉवरमध्ये शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. गाडी, भटजी, खांद्याला चार माणसं, सगळं पॅकेज फोनवर बुक होईल. नसेल पटत तर गाळा मोबाईलवाल्याला देऊन टाकू."

"खांदा भाड्यानं? तुझ्या आज्यानं लाकडं उधार दिली, खांदा कधी विकला नाय!"

मग बापलेकांचा अबोला. निरोप माझ्यामार्फत जायचे. मी दोन्हीकडच्या शिव्या गाळून पोचवायचो.

अशातच एका दुपारी रोडपालीहून एक बाई आली. नवरा गेला होता, मुलगी परदेशात.

"खांदेकरी किती हाय?"

बाईनं खांद्यावरची पर्स काढून काउंटरवर ठेवली. मग म्हणाली, "मी आहे."

शेठ, मी आणि अबोला बाजूला ठेवून नीलेश, असे निघालो. चौथी ती. लिफ्टमध्ये तिरडी मावेना, म्हणून जिन्यानं उतरायला लागलो. सहाव्या मजल्यावर शेठचा गुडघा गेला आणि ते पायरीवर बसले. तिरडी जिन्यातच टेकवली. नीलेश दारोदार बेल वाजवत फिरला. एका दाराआडून "मीटिंग चालू आहे" असं उत्तर आलं, बाकीची उघडलीच नाहीत. शेवटी वॉचमननं खांदा दिला. शेठ कठडा धरून मागून उतरत होते. मला त्या बिल्डिंगचा भयंकर राग आला होता.

दुकानात परतल्यावर शेठ गुडघा चोळत बसले. मग म्हणाले, "नील्या, ठेव कामाला तुझी चार माणसं."

"गुडघा बरा होईल, बाबा."

"गुडघ्याचं नाय रं. कोरोनात तुझ्या आईला हॉस्पिटलातून परस्पर नेली. एवढं दुकान माझं, पण बांबूचा तुकडा लागला नाय तिला. मी गेटाबाहेर उभा. तवा कोण म्हनला असता, पैसे टाक, चार खांदे देतो, तर मी ह्यो गाळा लिहून दिला असता."

नीलेश त्यांच्या पायाशी बसला.

"फक्त तुझ्या माणसांना सांग, उचलायच्या आधी नाव इचारा. तुझ्या आईचं कोनी इचारलं नसंल."

मी उठलो. माझ्यासमोर त्या दोघांना रडता आलं नसतं.