पाचव्या अंकातलं विष

"माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही. सुटलीच, तर समजायचं की मीच तिला सोडलं! गुन्हेगार माझं नाव ऐकून झोपत नाहीत."

आमचे हे हौशी गुप्तहेर, स्वतःची ओळख अशी करून देतात. मी त्यांची सहायक, म्हणजे बायको. गुन्हेगारांचं मला माहीत नाही, पण साखरेच्या डब्याला लागलेल्या मुंग्या रोज मलाच झटकाव्या लागतात.

प्रकरण आलं घरातूनच. माझ्या मोठ्या नणंदेनं, वन्संनी, जन्मभर पोरांना गणित शिकवलं आणि निवृत्त होताच दाबून ठेवलेली हौस बाहेर काढली. नाटक बसवायला घेतलं! तेही साधंसुधं नव्हे, चारशे वर्षांपूर्वीचं परदेशी सूडनाटक. राजा भावाला मारून गादी बळकावतो, सेनापती सूड घ्यायला आंधळ्याचं सोंग करतो. सगळे एकमेकांशी गोड बोलतात आणि मान वळवून प्रेक्षकांना खरं काय ते सांगतात. पाचव्या अंकात राजा विषाचा पेला पितो आणि मग एकूण एक मरतात. उरते फक्त दासी. दासी मी. मला एकच वाक्य, शेवटचं.

विष म्हणजे लाल सरबत. पण तालमीत राजा पेला उचलायचा तेव्हा पेला रिकामा! एकदा नाही, रोज. राजा झाले होते आमचे दातांचे डॉक्टर.

"रिकाम्या पेल्यानं मी मरणार नाही," ते म्हणाले. "माझं मरण बघून लोक हसतात. आज पुन्हा झालं तर मी चाललो घरी."

प्रयोग दुसऱ्या दिवशी होता. वन्संनी धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना, गाठलं. "काहीतरी कर रे. हे गेलं तर मला पुन्हा नाटकाला माणसं कोण देणार?"

ह्यांनी अख्खं नाटक वाचलं आणि तालमीला येऊन पहिल्यांदा सेनापतीला धरलं. सेनापती म्हणजे कोपऱ्यावरचा शिंपी.

"डोळस असून आंधळा म्हणवतोस? असा माणूस काय वाटेल ते करील!"

"अहो साहेब, मला तसं करायला सांगितलंय!"

"कुणी सांगितलं? टोळी आहे तर!"

टोळीचा म्होरक्या म्हणून बोट वन्संकडेच वळायला लागलं, तसा मी ह्यांचा सदरा ओढला. मग हे राजाकडे वळले.

"दुसऱ्या अंकात तुम्ही कबूल केलंय. 'हा पेला माझ्याच हातून रिता होईल!'"

"ते स्वगत आहे हो!" डॉक्टर ओरडले.

"तेच तर! एकटा असताना माणूस खोटं कशाला बोलेल? आणि भाषा बघा. ज्याच्या मनात पाप, त्याची वाक्यं लांबलचक. या नाटकात जो सगळ्यात जास्त बोलतो, तोच चोर!"

डॉक्टरांनी मुकुट काढून खुर्चीवर ठेवला आणि चपला शोधायला लागले. वन्संनी मटकन बसकण मारली. मला तर ह्यांचा गळा धरावासा वाटला.

तेवढ्यात पडद्यामागून एक डोकं बाहेर आलं. वन्संचे यजमान, आमचे प्रॉम्प्टर. राजा गप्प का, वाक्य विसरला की काय, असं बिचाऱ्यांना वाटलं.

"'मी जातो, पण माझी सावली...'" ते कुजबुजले.

डॉक्टर त्यांच्या तोंडाकडे बघत थबकले. "आ करा बघू."

डॉक्टरांनी सवयीनं सांगितलं, यजमानांनी सवयीनं केलं. जीभ लालभडक!

"घसा कोरडा पडतो हो," यजमान खाली मान घालून म्हणाले. "चार अंक कसेबसे ओढतो. पाचव्यात तो पेला अगदी हाताशी असतो."

"कुजबुजून घसा कोरडा पडतो?" वन्संनी विचारलं.

"पाठ कुणाचंच नाही ना! राजाचं मी, राणीचं मी, सेनापतीचंही मीच. सरबत कुणी प्यालं हे सांगायचं, तर का प्यालं तेही सांगावं लागलं असतं. तुला कळलं असतं तर तू नाटकच बंद केलं असतंस. इतक्या हौसेनं बसवलंस."

राजानं आपल्या पायांकडे पाहिलं, शिंप्यानं छताकडे.

"माझं वाक्य पाठ आहे हं," मी म्हटलं.

वन्सं उठल्या. वर्गातला आवाज लागला. "उद्या सकाळपर्यंत सगळ्यांचं पाठ हवं. नाहीतर बाकावर उभं करीन!" मग नवऱ्याकडे वळून, जरा हळू, "आणि तुम्हाला तोंड उघडून पाणी मागता येत नाही?"

डॉक्टरांनी मुकुट पुन्हा चढवला.

दुसऱ्या दिवशी नाटक असं रंगलं म्हणता! राजा सरबतानं गळ्यापर्यंत लाल होऊन मेला, कुणी हसलं नाही. सेनापती मेला, राणी मेली. उरले मी. समोर खचाखच भरलेलं सभागृह, आणि माझ्या डोक्यातून ते एकुलतं एक वाक्य गायब!

पडद्यामागे यजमान सज्ज होते. पण आज त्यांच्या शेजारी वन्संनी तांब्याभर पाणी ठेवलेलं, घसा ठणठणीत. कुजबुजायला गेले ते खणखणीतच आलं, शेवटच्या रांगेपर्यंत.

"'दिवे लावा! जिवंत कोण उरलंय ते पाहू!'"

टाळ्यांचा कडकडाट झाला. वन्सं धावत स्टेजवर आल्या, पडद्यात हात घालून नवऱ्याला बाहेर ओढलं आणि सगळ्यांदेखत डोळे पुसले. मीही पुसले.

आणि पहिल्या रांगेतून आमचे हे उठून ओरडले, "बघा! सगळ्यात जास्त हेच बोलत होते की नाही?"

राजा, राणी, सेनापती, सगळी मढी पडल्या पडल्या हसायला लागली.