हवालदारांची हजेरी

आमच्या कॉलनीत रोज दिवेलागणीला मेलेल्या माणसांची हजेरी घेतली जाते. नव्या भाडेकरूला हे कुणी आधी सांगत नाही. किल्ल्यावरच्या टॉवरचे लाल दिवे लागले, की पाण्याच्या टाकीखाली सर्जेराव हवालदार सावधानमध्ये उभे राहतात आणि परेडच्या आवाजात नाव घेतात. "रंगराव सुतार!" मग थांबतात. कुठंतरी कुत्रं भुंकतं. "हाजीर," हवालदार म्हणतात आणि पुढचं नाव घेतात. "गुलाबबाई शिंदे!" कुणाच्या तरी मोरीतला बंद नळ खुळखुळतो. "हाजीर." नवा भाडेकरू साधारण याच सुमाराला घरमालकाला फोन लावतो.

माझं साताऱ्यात एमआयडीसीच्या वाटेवर औषधाचं दुकान आहे, आणि घर टाकीसमोर, हवालदारांच्या भिंतीला भिंत लावून. मी फार्मसी शिकलेला माणूस. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. फक्त त्या वेळेला घरी यायचं झालं तर मी मागच्या बोळातून येतो, इतकंच. हवालदार मला डॉक्टर म्हणतात. कॉलनी त्यांना पिरॅमिड हवालदार म्हणते.

हे खूळ त्यांनी नोकरीतून आणलं. शांतिसेनेच्या तुकडीबरोबर ते सुदानला गेले होते. परतीच्या वाटेवर सगळ्यांना कैरोचं संग्रहालय दाखवलं. बाकीच्या जवानांनी अत्तरं आणि घड्याळं आणली, हवालदार फॅरोंना घेऊन आले. रिटायर झाल्यावर मिळेल ते पुस्तक वाचलं, मोबाईलवर दिसेल तो हिंदी व्हिडिओ पाहिला आणि शेवटी त्यांचं मत झालं, "समदं आपल्यागतच हाय, डाक्टर." हे त्यांचं पालुपद. इजिप्तवाले मेलेल्यापुढं भाकरी ठेवतात? आपल्यागतच. पिंडाला कावळा शिवेपर्यंत आपणही तिष्ठत बसतोच की. फॅरोच्या कपाळावर फणा काढलेला नाग? "शिराळ्याचा जावई असनार बगा." हवालदार स्वतः नागपंचमीच्या शिराळ्याकडचे जावई, त्यामुळे फॅरो त्यांचा साडू लागतो.

लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसू नये. ममी करताना नाकातून आकडी घालून मेंदू कसा ओढून काढत, हे ते चमचा हातात धरून दाखवतात, आणि नेमकं बासुंदी वाढायला आली की दाखवतात. "काळीज तेवडं आत ठिवायचे. फुडं वर देवाच्या तराजूत घालायचं असतंय न्हवं." त्या पंगतीत बासुंदी मुबलक उरते.

एकदा ते दुकानात आले आणि असतील नसतील तेवढे क्रेप बँडेज मागितले. कुणाला लागलं म्हणून मी विचारलं.

"कुनाला न्हाई. मनी वारली."

मनी म्हणजे त्यांच्या बायकोचं मांजर. बायको, सुनंदाकाकू, आदल्या साली गेली होती.

"किराणावाल्याकडनं पापडखार आनलाय पोतंभर. ममीला लावायचं त्यांचं नेट्रॉन म्हंजे दुसरं काय हाय? पापडखारच. आपल्यागतच समदं."

पुढं काही दिवसांनी मी त्यांच्या बीपीच्या गोळ्या द्यायला गेलो, तर मनी सोफ्यावर बसलेली. सगळी पट्ट्यांत गुंडाळलेली, कान तेवढे ताठ. तिच्यापुढं बशीत दूध होतं. मी तिच्याकडं पाठ करून खुर्चीत बसलो, चहा प्यालो, सरकारी दवाखान्याला शिव्या घातल्या. उठलो तेव्हा बशी रिकामी होती. गोळ्यांचे पैसे न घेताच मी घरी आलो.

हजेरीचं कारण मी एकदा विचारलं. तेव्हा ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "इजिप्तवाल्यांच्यात नाव म्हंजे हातापायागत मानसाचा भाग असतोय. नाव घेतलं की मानूस उठून येतंय. एकाद्या राजावर राग असला तर छिन्नीनं त्याचं नाव उडवायचे. मग त्याला वरबी जागा न्हाई आन खालीबी न्हाई. आता मला सांगा, आपल्या कॉलनीत मेलेल्याचं नाव कोन घेतंय? फोटोला हार घातला की सुटले."

मला ते खूळच वाटलं. मग एका संध्याकाळी बोळात पाणी साचलं होतं म्हणून मी समोरून आलो आणि ऐकलं, "अनसूया जगताप!" माझी आई. तिला आयुष्यभर सगळे आई, काकू, आजी म्हणत आले. तिचं नाव मी शेवटचं वाचलं ते मृत्यूच्या दाखल्यावर. टाकीमागच्या बागेतला झोपाळा किरकिरला. वारा नव्हता. "हाजीर," हवालदार म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

हजेरीत शेवटचं नाव त्यांच्या बायकोचं. "सुनंदा!" इथं आवाज थोडा चढतो. मग ते थांबतात, बाकीच्यांपेक्षा जास्त. कुत्रं भुंकत नाही, नळ वाजत नाही, झोपाळा हलत नाही. तरी हवालदार कधी गैरहाजीर म्हणाले नाहीत. "सुट्टीवर," असं म्हणतात आणि परेड सोडतात.

काकू होत्या तेव्हा भिंतीपलीकडून त्यांचा संसार मला रोज ऐकू येई. हवालदार ओरडायचे, "आगं, ऐकलंस का?" आणि ओट्यावर फुलपात्र आपटल्याचा आवाज यायचा, टण्ण. काकूंनी तोंडानं कधी ओ दिली नाही. ऐकलं, चहा ठेवलाय आणि ओरडू नका, हे सगळं त्या एका टण्णमध्ये यायचं.

यंदा श्रावणात हवालदार दुकानात आले आणि गिऱ्हाईक जाईपर्यंत कोपऱ्यात उभे राहिले. फौजी माणूस, पण दाढी वाढलेली.

"डाक्टर, समदी येत्यात. तीच येत न्हाई."

"कामात असतील," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"न्हाई. चूक माजी हाय. सुनंदा तिचं नावच न्हवं. लग्नात तांदळाच्या ताटात आंगठीनं म्या लिवलं. सुट्टी थोडी, घाईचं लगीन, पयलं नाव कुनी सांगितलं न्हाई आन म्या इचारलं न्हाई. मागनं इचारलं तर म्हनायची, तुमी ठिवलं त्येच खरं. छिन्नी म्याच चालवली, डाक्टर. तिला कुटंच जागा न्हाई आता."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. माहेरी कुणी आहे का, म्हणून विचारलं. थोरली बहीण होती, शिराळ्याच्या अलीकडं एका वाडीत. "तुमी चला संगं," हवालदार म्हणाले. "मला एकट्याला इचारवायचं न्हाई."

एसटीनं कराड करून गेलो. नागपंचमी होऊन गेली होती, दारादारांवर नागाची चित्रं अजून होती. जनाक्का सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. हवालदारांनी नाव विचारलं तसा त्यांचा हात थांबला.

"कशाला पायजे, पावनं? ती गेली. नावबी गेलं."

"न्हाई आक्का. पायजे."

त्यांनी आणखी दोन-चार शेंगा फोडल्या. मग खाली बघूनच म्हणाल्या, "नकुसा."

आमच्या भागात हे नाव परकं नाही. मुलीवर मुली झाल्या की शेवटच्या मुलीचं नाव नकुसा ठेवायचं, म्हणजे देवाला कळतं, आता मुलगी नको. पोर जन्मभर ते नाव वागवते.

"आमी चौघी. ती शेवटची," जनाक्का म्हणाल्या. "तुमच्या ताटातलं तिला वाचाया येत न्हवतं. मला इचारलं, काय लिवलंय? म्या सांगितलं सुनंदा. तर पुन्ना पुन्ना सांगाय लावलं. मग त्यातलं मूठभर तांदूळ पदराला बांधलं आन मग गाडीत बसली."

हवालदार उठून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. परत येताना कराडपर्यंत समदं आपल्यागतच, हे त्यांनी एकदाही म्हटलं नाही. पुढं एकदाच म्हणाले, "त्या नावानं हाक मारली आन ती आली, तर? तसली हाक ऐकून आलेली मला बगवायची न्हाई. आन सुनंदा म्हनून ती येत न्हाई. मी करू काय?"

कंडक्टर आला, मी साताऱ्याची दोन तिकिटं काढली.

कॉलनीत पोचलो तेव्हा टॉवरचे दिवे लागले होते. हवालदार थेट टाकीखाली गेले. मी बोळाकडं वळलो नाही, त्यांच्या शेजारी उभा राहिलो. रंगराव हाजीर. गुलाबबाई हाजीर. माझी आई हाजीर. मग हवालदारांनी श्वास घेतला आणि ते थांबले. त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं, की भिंतीपलीकडून मी सुनंदा ही हाक एकदाही ऐकली नव्हती.

सावधानमध्ये जुळलेल्या त्यांच्या टाचा सुटल्या. ते घराकडं वळले. दाराला कुलूप, आत अंधार. या वेळी परेडचा आवाज लागला नाही. घरात बोलावं तसं ते म्हणाले, "आगं, ऐकलंस का?"

टण्ण.

मी फार्मसी शिकलेला माणूस आहे. उंदीर असणार. मांजर पापडखारात मुरल्यापासून त्यांच्या घरात उंदरांचा सुळसुळाट आहे. हे सांगायला मी तोंड उघडलं, पण हवालदार उपरण्यानं डोळे पुसत होते.

"हाजीर," ते हळूच म्हणाले, आणि खिशात किल्ली चाचपत, चहा गार होईल अशा घाईनं घराकडं निघाले.